सोनाकाचं ताट

वाइन पर्यटनालाही पारितोषिकं असतात, आणि ती मेजवानी घालून वाटतात, हे वाचून आधी हसूच आलं. बोर्डोसारख्या शहरांचं ‘ग्रेट वाइन कॅपिटल्स’ हे मंडळ १९९९ सालचं. ते दरवर्षी असा गौरव करतं.

आपल्याकडे या पर्यटनाचं वय ते किती? नाशिकच्या सुलाने २००५ साली पाहुण्यांना वाइन चाखायला दालन उघडलं, २००८ पासून गाण्याबजावण्याचा सुलाफेस्ट. सोलापूर जिल्ह्यात अकलूजजवळ २००७ साली फ्रातेल्ली उभी राहिली. अकलूजचे मोहिते-पाटील, सेखरी बंधू आणि इटलीचे दोघे भाऊ अशी ती भागी. इटालियनमध्ये फ्रातेल्ली म्हणजे भाऊच!

पण द्राक्षाची आमच्या बाजूची गोष्ट याहून जुनी आहे. तामलवाडीहून सोलापूर जवळ, आणि सोलापूरच्या उत्तरेला नानज. तिथल्या नानासाहेब काळ्यांनी थॉमसन सीडलेसमधून लांबट मण्यांचं निराळं वाण निवडून काढलं, सोनाका. सोलापूर, नानज, काळे यांची ही आद्याक्षरं. ते खायचं द्राक्ष, वाइनचं नव्हे; म्हणून त्याला मेजवानीत ताट नाही. मला हे पटत नाही. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी करणाऱ्या हातांनीच द्राक्षाचा हा मुलूख घडवला, दालनं नंतर आली.

नानजला पाहुणे येत, पण माळढोक बघायला. आता तोही क्वचितच दिसतो.