प्लेगच्या क्रुसाची कुळकथा

मुंबईच्या उपनगरांत जिथे गावठाण अजून तग धरून आहे, तिथे क्रूस असतोच. वांद्र्याच्या रनवार, चिंबईत, अंधेरी-मरोळच्या जुन्या पाखाड्यांत, म्हणजे वस्त्यांत, तो वळणावर उभा दिसतो. खाली दगडी किंवा चुन्यात बांधलेला चौथरा, वर क्रूस, त्याला झेंडूची माळ, पायाशी वितळून थिजलेले मेण. काही क्रुसांवर ख्रिस्ताच्या यातनांची चिन्हे कोरलेली असतात: खिळे, हातोडा, शिडी, काट्यांचा मुकुट, पेत्राने गुरूला नाकारले तेव्हा आरवलेला कोंबडा. चौथऱ्यावरचे सन वाचत गेले, तर १८९६ ते १९०६ या दहा वर्षांतले सन पुन्हा पुन्हा भेटतात. हे प्लेगचे क्रूस.

साथीत क्रूस का उभारावा, याचे मूळ शोधायला बायबलच्या शेवटच्या पुस्तकापर्यंत मागे जावे लागते. ‘प्रकटीकरण’ हे पुस्तक पहिल्या शतकाच्या अखेरीचे मानतात. पात्म बेटावर हद्दपारीत असलेल्या योहानाला शेवटच्या न्यायाचे दर्शन घडते. सात कर्णे वाजतात, सात वाट्या ओतल्या जातात, एकामागून एक पीडा पृथ्वीवर येतात. पण त्या पुस्तकातली सर्वांत भयंकर गोष्ट आगही नाही आणि गंधकही नाही. नवव्या अध्यायात माणसांचा तिसरा हिस्सा मरतो आणि जे वाचतात, ते पश्चात्ताप करत नाहीत. खून, चोरी, सोन्या-चांदीची पूजा पूर्वीसारखीच चालू राहते. सोळाव्या अध्यायात अंगावर फोड उठलेली माणसे देवाला शिव्याशाप देतात, पण वागणे बदलत नाहीत. प्लेगच्या क्रुसाची कुळकथा इथून सुरू होते, कारण तो वाचलेल्यांच्या या नकाराला दिलेला जबाब आहे.

इ.स. ५९० मध्ये रोममध्ये प्लेग होता. खुद्द पोप त्यात दगावला. त्याच्या जागी आलेल्या थोर ग्रेगरीने लोकांना पश्चात्तापाला बोलावले आणि शहरभर प्रार्थनेच्या मिरवणुका काढल्या. पुढे आख्यायिका झाली, की हाद्रियानाच्या समाधीवर देवदूत मिखाएल तलवार म्यान करताना दिसला. त्या वास्तूला आजही ‘पवित्र देवदूताचा किल्ला’ म्हणतात. साथ आली की घरात दडून न बसता सगळ्या गावाने मिळून गुडघे टेकायचे, ही रीत युरोपात रुळली. चौदाव्या शतकातल्या काळ्या मरणानंतर तिच्या संतांची भक्तीही पसरली. बाणांनी विंधलेला संत सेबास्तियन आणि मांडीवरची गाठ दाखवणारा, सोबत कुत्रा असलेला संत रोक. गावोगाव प्लेगचे क्रूस आणि स्तंभ उभे राहिले. व्हिएन्नातला १६७९च्या साथीनंतरचा स्तंभ त्यांतला सर्वांत प्रसिद्ध.

ही रीत साष्टी बेटावर आली ती पोर्तुगीजांबरोबर. १५३४च्या तहाने वसई आणि तिच्याबरोबर आजची उपनगरे त्यांच्या ताब्यात गेली. येशूसंघी आणि फ्रान्सिस्कन पाद्रींनी चर्च बांधली. बोरिवलीजवळ मंडपेश्वराच्या लेण्यात दगडात कोरलेला मोठा क्रूस आजही दिसतो. वांद्र्याच्या सेंट अँड्र्यूज चर्चच्या आवारात यातनांच्या चिन्हांनी भरलेला एकाच दगडाचा उंच क्रूस आहे. गावठाणांतल्या लहान क्रुसांचा हा पूर्वज. १७३९ साली मराठ्यांनी वसई जिंकली, पोर्तुगीज गेले, पण मराठी बोलणारे, भातशेती आणि मासेमारी करणारे इथले ख्रिस्ती आपल्या क्रुसांसह इथेच राहिले. पुढे त्यांनीच ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतले.

साथीची ओळख त्यांना प्लेगच्या आधीपासून होती. अंधेरीच्या सीप्झमध्ये कारखान्यांच्या गर्दीत १५७९ सालच्या संत योहान बाप्तिस्त चर्चचे अवशेष उभे आहेत. १८४०च्या सुमारास साथ आली आणि लोकांनी ते चर्च सोडून मरोळच्या वस्तीत नवे बांधले. जुन्या भिंतींमध्ये वर्षातून एकदा मिस्सा होतो आणि पांगलेली कुटुंबे त्या दिवशी परत येतात.

मग १८९६चा सप्टेंबर उजाडला. मांडवीत, धान्याच्या गोदामांच्या शेजारी, डॉ. अकासियो व्हिएगस यांनी गाठीचा प्लेग ओळखला. १८९१च्या शिरगणतीत आठ लाखांवर वस्ती असलेले हे शहर १८९७च्या सुरुवातीपर्यंत जवळजवळ निम्मे रिकामे झाले. माणसे आगगाडीने, बैलगाडीने, पायी निघाली आणि त्यांच्याबरोबर रोगही निघाला. उपनगरे तेव्हा ठाणे जिल्ह्यातली खेडी होती. फेब्रुवारी १८९७मध्ये साथरोगांचा कायदा आला. त्याच्या जोरावर घराघरात शिरून तपासणी सुरू झाली, रोग्यांना छावण्यांत नेऊ लागले. उंदरावरच्या पिसवेतून हा रोग पसरतो, हे पॉल-लुई सिमों यांनी कराचीत दाखवून दिले ते १८९८ साली. तोवर मरणाचा रस्ता कोणालाच ठाऊक नव्हता.

या काळात पाखाडी-पाखाडीने वर्गणी काढून क्रूस बांधले. कुठे आधीचा लाकडी क्रूस काढून दगडाचा बसवला, कुठे एखाद्या कुटुंबाने नवसाने उभारला. चर्च लांब असे. क्रूस दाराशी होता. संध्याकाळी दिवा लावून तिथे रोझरी आणि लितानी म्हणायची. रोगराई, दुष्काळ आणि युद्ध यांतून सोडव, ही लितानीतली विनवणी शेकडो वर्षे जुनी. त्या वर्षांत तिचा शब्द न् शब्द खरा झाला.

नवसात वार्षिक प्रार्थनाही असे. ३ मे हा पवित्र क्रूस सापडल्याचा सण होता. १९६०च्या बदलात तो चर्चच्या सर्वसाधारण दिनदर्शिकेतून गेला, पण गावठाणांनी मे महिना सोडला नाही. आजही मे लागला की क्रुसाला रंग लागतो, पताका चढतात, शेजारीपाजारी जमून लितानी म्हणतात आणि उकडलेले चणे वाटले जातात. रांगेत ख्रिस्ती नसलेली मुलेही ओंजळ पुढे करतात आणि त्यांनाही तितकेच चणे मिळतात.

प्लेग हा देवाचा कोप होता का, असा प्रश्न तेव्हाही होता. त्याचे उत्तर ख्रिस्ताने लूकच्या शुभवर्तमानात दिले आहे. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा जण मेले, तेव्हा ते इतरांहून जास्त पापी होते काय, असे त्याने विचारले आणि नाही म्हटले. मग ऐकणाऱ्यांकडे वळून त्यांनाच पश्चात्तापाला बोलावले. मेलेल्यांचा न्याय करण्याचा अधिकार कोणालाच नाही. हाक जिवंतांना आहे. माझ्या मते प्लेगच्या क्रुसाचे सगळे मोठेपण यात आहे. वाचलेल्यांनी बोट दुसऱ्याकडे दाखवले नाही, स्वतःच्याच दारात क्रूस रोवला.

आणि नकार? तो संकटात फारसा दिसत नाही, कारण भीतीने सगळेच हात जोडतात. संकट टळले की तो सुरू होतो. २०२० साली कोविडच्या साथीत मुंबईतली चर्च महिनोन्महिने बंद होती. त्या दिवसांत आपण किती कबुल्या दिल्या: शेजाऱ्याला विचारू, कामवालीचा पगार कापणार नाही, म्हाताऱ्यांना एकटे टाकणार नाही. त्यांतल्या किती टिकल्या, हे ज्याचे त्याने तपासावे. प्रकटीकरणातली वाचलेली माणसे आपल्याहून वेगळी नव्हती.

प्लेगच्या क्रुसाने दाखवलेली वाट साधी आहे. भीतीत दिलेला शब्द सुखात पाळायचा, दर वर्षी, चारचौघांत, सगळ्यांना वाटा देऊन. २०१७ साली वांद्र्याच्या बाजार रोडवरचा क्रूस महापालिकेने पाडला, तेव्हा समाज पेटून उठला आणि ते योग्यच होते. पण दगड वाचवणे हे अर्धे काम झाले. क्रूस ज्या शब्दासाठी बांधला, तो शब्द पाळला नाही, तर महापालिकेची वाट न पाहता आपणच तो पाडलेला असेल. शेवटच्या न्यायात रोगाने किती मेले, हे आपल्याला विचारले जाणार नाही. वाचल्यावर तुम्ही काय केलेत, हे विचारले जाईल. पूर्वजांनी आपले उत्तर दगडात लिहून ठेवले. आपले अजून लिहायचे आहे आणि त्याला हाच काळ मिळाला आहे.