गिरणगावातील शेती : काल आणि आज



यंदाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असे आपल्या कार्यवाहबाईंनी मला सांगितले तेव्हा मी घाबरलेच. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. एखादी पाककृती देते म्हटले, तर त्या म्हणाल्या, "पाककृती पुष्कळ आल्या आहेत. तुम्ही गच्चीवर भाजी लावता, त्याविषयी लिहा."

परंतु मला त्याआधी दुसरीच गोष्ट लिहावीशी वाटली. मागे आमच्या चाळीच्या पुनर्विकासाची सभा झाली. त्या सभेत मी उठून विचारले की, नव्या इमारतीत भाजी लावण्यास आम्हां बायकांना गच्ची मिळेल काय? त्यावर सगळे हसले. शेजारचे भाऊजी म्हणाले, "वहिनी, शेती करायची तर गावी जा. मुंबईत कधी शेती होती काय?" मला उत्तर देता आले नाही. मी मुकाट्याने खाली बसले. पण तो प्रश्न काही मनातून जाईना. मग वाचनालयातून पुस्तके आणली, मुलाकडून काही वाचून घेतले, घरातल्या जुन्या गोष्टी आठवल्या. जे कळले ते येथे मांडते.

प्रथम आपल्या चिंचपोकळीचेच नाव घ्या. चिंचेच्या झाडांमधला खोलगट भाग तो चिंचपोकळी, अशी त्याची फोड सांगतात. परळ हे नाव पाडळीच्या झाडावरून आले म्हणतात. पलीकडे भायखळा. या नावाच्या दोन-तीन व्युत्पत्ती आहेत, त्यांतली एक 'भायाचे खळे' अशी आहे. खळे म्हणजे मळणीची जागा, हे आपल्यापैकी गाववाल्या बायकांना सांगावयास नको. जेथे खळे तेथे धान्य आलेच. गिरगावात गेले तर कांदेवाडी, केळेवाडी, फणसवाडी आणि मुगभाट. या नावांवरून आपण रोज जातो येतो, पण त्यांत काय पिकत होते याचा विचार कोण करतो?

पूर्वी मुंबई ही सात बेटे होती. मधल्या सखल भागात भरतीचे पाणी शिरत असे. वरळीकडचा बांध, ज्याला हॉर्नबी वेलार्ड म्हणतात, तो १७८४ च्या सुमारास पुरा झाला आणि समुद्राचे पाणी अडले. मग मधली चिखलाची जमीन हळूहळू लागवडीखाली आणि वस्तीखाली आली. परळ, शिवडी, माटुंगा, शीव या बाजूला भातशेती होती. गिरगाव आणि माहीमकडे नारळाच्या वाड्या होत्या. त्या नारळांना मासळीचे खत घालीत. त्याच्या वासाने इंग्रज साहेब हैराण होत आणि तशी तक्रार त्यांनी लिहूनही ठेवली आहे. म्हणजे उरलेसुरले मातीला द्यावे आणि मातीने ते परत ताटात द्यावे, हा व्यवहार या शहरात जुनाच आहे. माझगावच्या आंब्याची तर त्या काळी दूरवर कीर्ती होती.

आता आपल्या जवळच्या राणीच्या बागेची हकीगत ऐका. आज तिला वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान म्हणतात. आपण मुलांना वाघ-हत्ती दाखविण्यास तेथे नेतो, परंतु ती बाग मुळात प्राण्यांसाठी काढलेली नव्हे. शेती आणि बागाईत यांची आवड असलेल्या लोकांनी १८३० साली येथे एक संस्था काढली होती. त्या संस्थेची पहिली बाग शिवडीला होती. ती जागा पुढे गोऱ्या लोकांच्या दफनभूमीकडे गेली. राणीची बाग १८६२ साली उघडली आणि तिची देखभाल संस्थेकडे राहिली. १८७३ साली ती बाग नगरपालिकेच्या हाती गेली. हे वाचून मला मोठे नवल वाटले. लोकांनी आवडीने एकत्र यावे, झाडे लावावी, ही गोष्ट आपल्या दाराशी जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी झाली! आजही पालिकेचे झाडे, फुले, फळे व भाज्यांचे वार्षिक प्रदर्शन याच बागेत भरते. तेथे गच्चीत आणि गॅलरीत वाढविलेल्या भाज्या मांडलेल्या असतात. मी ते प्रदर्शन पाहिले आणि तेथूनच मला हा नाद लागला.

मग गिरण्या आल्या. १८५४ साली कावसजी दावर यांनी कापडगिरणीची कंपनी काढली आणि १८५६ पासून ताडदेवला सूत निघू लागले. पाठोपाठ लालबाग, परळ, चिंचपोकळी येथे धुराड्यांची रांग उभी राहिली. शेते गेली, चाळी आल्या. कोकणातून, घाटावरून माणसे आली. ही माणसे होती शेतकरीच. त्यांनी जमीन गावी ठेवली, पण हाताची सवय बरोबर आणली. म्हणून चाळीच्या गॅलरीत डालड्याच्या डब्यात तुळस दिसे, शेजारी ओवा आणि पुदिना दिसे, आणि मोरीचे पाणी जाते तेथे अळू फोफावलेले असे. त्याला कोणी शेती म्हटले नाही, कारण ते काम बायकांचे होते.

दुसऱ्या महायुद्धात अन्नाची टंचाई झाली. मे १९४३ मध्ये मुंबईत शिधावाटप सुरू झाले. त्याच सुमारास सरकारने 'अधिक धान्य पिकवा' अशी मोहीम काढली. माझ्या सासूबाई त्यांच्या सासूबाईंची आठवण सांगत, की त्या काळी चाळीमागच्या हातभर जागेत त्यांनी भोपळ्याचा वेल लावला होता आणि तो पत्र्यावर चढविला होता. पहिला भोपळा निघाला तेव्हा मजल्यावरच्या प्रत्येक घरी एक फोड गेली.

साऱ्या जगात तेव्हा असेच चालले होते. इंग्लंडमध्ये लोकांनी बागा आणि मैदाने खणून बटाटे लावले. अमेरिकेत तर दोन कोटींच्या आसपास घरगुती भाजीमळे झाले, आणि देशातल्या भाजीचा सुमारे चाळीस टक्के भाग त्यांतून आला, असा अंदाज सांगतात. परंतु युद्ध संपले आणि त्यांतले बहुतेक मळे ओस पडले. आमच्या चाळीमागचा वेलही गेला. पुढे १९६५ साली पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी सोमवारी संध्याकाळचे जेवण सोडण्याचे आवाहन केले आणि स्वतःच्या बंगल्यापुढच्या हिरवळीवर नांगर धरला. लोकांनी तेव्हाही उत्साह दाखविला, आणि तो उत्साहही ओसरला. जागा होती, माती होती, मग हे का टिकले नाही? या प्रश्नाचे उत्तर मला पुस्तकात मिळाले नाही. ते पुढे आमच्या गच्चीवर मिळाले.

त्याआधी जागेची गोष्ट सांगते. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. माझे सासरे त्यांतले एक. ते पुन्हा गिरणीत गेले नाहीत. सासूबाईंनी चार माणसांचे डबे करून घर चालविले. गिरण्या बंद पडल्या तेव्हा त्यांच्या जमिनींचा प्रश्न निघाला. १९९१ च्या नियमाप्रमाणे जमिनीचे तीन वाटे व्हावयाचे होते : एक मोकळ्या जागेसाठी पालिकेला, एक घरांसाठी म्हाडाला आणि एक मालकाला. २००१ साली नियम बदलला आणि वाटणी फक्त मोकळ्या असलेल्या जमिनीचीच करावयाची ठरली. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम केला. त्यामुळे गिरणगावाच्या वाट्याला बागा आणि मैदाने यांसाठी फारच थोडी जागा आली. आता खाली जमीन नाही. उघडे आभाळ उरले आहे ते गच्चीवर.

गच्चीवर खरोखरच शेती होते, हे याच मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी करून दाखविले. गच्चीला ओझे सोसवत नाही, ही पहिली अडचण. त्यांनी दोन्ही तोंडे उघडी असलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या उभ्या केल्या. त्यांत खाली उसाची चिपाडे सुमारे ऐंशी टक्के, त्यावर खत पंधरा टक्के आणि वर माती अवघी पाच टक्के घातली. चिपाडे म्हणजे रसाच्या गुऱ्हाळावर फेकून देतात तीच. अशा बाराशे चौरस फुटांच्या गच्चीतून वर्षातले तीनशे दिवस रोज पाच किलो भाजी व फळे त्यांनी काढली.

त्यांचे पाहून आपल्याच भागाजवळच्या गोदीत एक मोठे काम झाले. तेव्हाच्या मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघरातून रोज सुमारे तीन हजार कामगारांचे जेवण जात असे. इतक्या स्वयंपाकाची साले, देठे, करवंट्या किती निघत असतील, ते आपण बायका सहज ओळखू. त्या खात्याच्या अधिकारी प्रीती पाटील यांनी २००२ च्या सुमारास हा ओला कचरा वरच्या गच्चीवर नेण्यास सुरुवात केली. सुमारे तीन हजार चौरस फुटांच्या त्या गच्चीवर भाज्या आणि फळझाडे उभी राहिली. स्वयंपाकघरातल्याच माणसांनी ती सांभाळली. पुढे त्यांनी 'अर्बन लीव्हज' या नावाने स्वयंसेवकांचा गट जमविला. माटुंग्याच्या डॉन बॉस्को शाळेच्या गच्चीवरही या गटाने शेती केली. सुट्टीच्या दिवशी नोकरदार माणसे, गृहिणी, मुले येतात, मातीत हात घालतात आणि निघेल ती भाजी वाटून घेतात, अशी ही रीत.

या कामामागे कोल्हापूरकडच्या श्री. अ. दाभोळकर यांचे विचार आहेत. ते गारगोटीच्या मौनी विद्यापीठात गणित शिकवीत. त्यांनी शेतकऱ्यांचा 'प्रयोग परिवार' उभा केला आणि पालापाचोळ्यातून कसदार माती करण्याचे शास्त्र सांगितले. दीपक सचदे यांनी तेच पुढे 'अमृत माती' म्हणून शिकविले. त्याची कृती आपल्या भगिनींसाठी देते. दहा लिटर पाण्यात एक किलो ताजे शेण, एक लिटर गोमूत्र आणि पन्नास ग्रॅम काळा गूळ कालवावा. तीन दिवस, दिवसातून तीनदा ढवळावे. चौथ्या दिवशी त्यात दसपट पाणी घालावे. या पाण्यात सुका पाला एक दिवस भिजवून त्याचे थर द्यावेत, मध्ये मध्ये थोडी माती घालावी आणि ओल टिकवावी. काही महिन्यांत काळी, भुसभुशीत, हलकी माती तयार होते.

परदेशातही हे आहेच. लंडनच्या केंटिश टाउन भागात रेल्वेरुळांच्या कडेच्या पडीक जागेवर १९७२ साली वस्तीतल्या लोकांनी शहरी शेत सुरू केले. आपली चिंचपोकळीही रुळांच्या कडेचीच!

आता आमची फजिती सांगते. चार वर्षांपूर्वी आम्ही सहाजणींनी गच्चीवर वीस पिशव्या आणि डबे मांडले. माठ, मुळा, मिरची, अंबाडी उगवली. रोज कोणीतरी पाणी घालीतच होते. मे महिना आला आणि आम्ही सहाही जणी मुलांना घेऊन गावी गेलो. प्रत्येकीला वाटले, दुसरी आहेच. जूनमध्ये परत आलो तो सगळे वाळून कोळ झालेले. शिवाय पिशव्या थेट लादीवर ठेवल्यामुळे खालच्या खोलीच्या छताला ओल आली, आणि त्या घरच्या मावशींची बोलणी खाल्ली ती वेगळीच. त्यांचे काही चुकले नव्हते.

तेव्हा मला युद्धकाळच्या मळ्यांचे उत्तर सापडले. चाळीचा जिना इतकी वर्षे धुतला जातो तो कशामुळे? जिना धुण्याची आवड कोणालाच नाही. पण पाळी ठरलेली असते, आणि आपली पाळी चुकली तर शेजारीण दार ठोठावते. मोहीम संपते, उत्साह ओसरतो, पाळी मात्र चालू राहते. दुसऱ्या वर्षी आम्ही गच्चीच्या दारावर पाळीचा तक्ता लावला. मे महिन्याची पाळी गावी न जाणाऱ्यांनी घेतली. पिशव्यांखाली विटा आणि फळ्या घातल्या. त्या खालच्या मावशीच आता मंगळवारी पाणी घालतात. आज आम्ही अकराजणी आहोत. चौदा घरांची भाजीची साले वर येतात, तेवढा कचरा गाडीत जात नाही. भाजीचा खर्च फार वाचतो, असे मी खोटे सांगणार नाही. पण आठवड्याला प्रत्येकीच्या घरी एक वेळची पालेभाजी होते, आणि संप व आजारपण यांनी खचलेले माझे सासरे शेवटची दोन वर्षे रोज संध्याकाळी त्या अळूपाशी खुर्ची टाकून बसत, एवढे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

म्हणून भगिनींनो, एक विनंती करून लेख संपविते. आपल्यापैकी अनेकींच्या चाळी लवकरच पाडल्या जातील. नव्या इमारतीत लिफ्ट येईल, घरात संडास येईल, ते सर्व हवेच आहे. पण गच्ची सर्वांची राहील, तेथे पाण्याचा नळ असेल, लादीखाली ओल धरणार नाही असे काम होईल, आणि किल्ली रहिवाशांकडे राहील, हे चार मुद्दे करारात लिहून घ्यावेत. तोंडी आश्वासनावर राहू नये. सही करण्याआधी आपल्या घरच्या पुरुषमंडळींना याची आठवण द्यावी. कागदावर आपले नाव असेल तर आपणच विचारावे.

आणि त्या भाऊजींना माझे उत्तर असे : होय, मुंबईत शेती होती, आपल्या वस्तीच्या नावांत ती अजून आहे. पुढची पाळी आपली आहे. रविवारी सकाळी आठ वाजता गच्चीवर या, अंबाडी काढावयाची आहे.