चंद्राची गोष्ट, शेवटपर्यंत

रहिमतपूरहून रेल्वेने दक्षिणेला निघाले की पुढे कऱ्हाड लागते. त्या तालुक्यातल्या टेंभू गावी (आगरकरांचे गावही हेच) 1853 मध्ये कृष्णाजी नारायण आठल्ये यांचा जन्म झाला. 1886 मध्ये त्यांनी दूर कोचीनला ‘केरळ-कोकिळ’ मासिक काढले. 1900 च्या सुमारास त्यात ज्यूल व्हर्नची चांद्रकथा ‘चंद्रलोकची सफर’ या नावाने क्रमशः येऊ लागली. मराठी विज्ञानकथेचा इतिहास सहसा इथूनच सांगतात.

मूळ कथा दोन भागांत, 1865 आणि 1869-70 साली आली. पहिल्याच्या अखेरीस तोफेतून उडालेले तिघे चंद्राभोवती अडकतात. पुढचे कळायला वाचकांना सुमारे चार वर्षे थांबावे लागले. पहिल्या भागातली चूक विद्यार्थी चटकन पकडतात. 900 फुटी नळीत सेकंदाला 11 किलोमीटर वेग गाठायचा, तर त्वरण गुरुत्वत्वरणाच्या वीस हजार पटींहून अधिक हवे. माणसे वाचणार कशी?

वर्गात अधिक रंगते ती दुसऱ्या भागातली चूक, पण तिथवर फार थोडे पोचतात. पृथ्वी आणि चंद्र यांची ओढ समान होते, तेवढ्या एकाच जागी व्हर्नचे प्रवासी तरंगतात. प्रत्यक्षात हवेबाहेर पडल्यापासून ते सारा वेळ तरंगले असते. कारण गोळा आणि आतली माणसे एकाच त्वरणाने पडत असतात.