'बॉयकॉट': एका शब्दाचीं दोन कुळें

कांहीं शब्दांचें मूळ शोधावयाचें तर व्युत्पत्तिकोशांत फार खोल उतरावें लागतें. कांहींची जन्मपत्रिका मात्र तिथीसह उपलब्ध असते. 'बॉयकॉट' हा इंग्रजी शब्द या दुसऱ्या वर्गांतला. त्यास धातु नाहीं, लॅटिन-ग्रीकचें कुळ नाहीं. तें एका माणसाचें आडनांव आहे. वर्गांत त्याचा अर्थ सांगतांना आम्ही 'बहिष्कार' एवढें म्हणून पुढें जात होतों, तोंच मागल्या बाकावरून प्रश्न आला, "मग बहिष्कृत म्हणजे कोण?" त्या प्रश्नामुळें हें लिहावयास घेतलें.

कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट हा आयर्लंडच्या मेयो परगण्यांत लॉर्ड अर्न या जमीनदाराचा कारभारी होता. १८७९ चें पीक बुडालेलें. १८८० सालीं कुळांनीं खंडांत शेंकडा पंचवीस सूट मागितली. जमीनदार शेंकडा दहांवर अडला, आणि बॉयकॉटनें बेदखलीच्या नोटिसा काढल्या. त्याच सुमारास, १९ सप्टेंबर रोजीं, एनिस येथील सभेंत पार्नेल यानें लोकांस उपाय सांगितला होता: बेदखल कुळाची जमीन जो घेईल, त्याच्याशीं रस्त्यांत, दुकानांत, बाजारांत, प्रार्थनामंदिरांतहि संबंध ठेवूं नका. हा उपाय लोकांनीं कारभाऱ्यावर चालविला. गडी निघून गेले, दुकानदार माल देईनात. अखेर पीक काढण्यास दुसऱ्या परगण्यांतून ५० माणसें व त्यांच्या रक्षणास फौज आणावी लागली. सुमारें ५०० पौंडांच्या पिकापायीं १०,००० पौंड खर्ची पडल्याचा त्या वेळचा अंदाज आहे. २७ नोव्हेंबर रोजीं बॉयकॉटनें तें घर सोडलें.

नांव मात्र मागें राहिलें. जेम्स रेडपाथ या अमेरिकन बातमीदाराच्या सांगण्याप्रमाणें, 'ऑस्ट्रसाइझ' हा ग्रीक वळणाचा शब्द शेतकऱ्यांस समजणार नाहीं, म्हणून फादर ओमॅली या धर्मगुरूनें हें आडनांवच क्रियापद म्हणून सुचविलें. वर्ष संपण्यापूर्वीं तें लंडनच्या वृत्तपत्रांत आलें. पुढें फ्रेंच, जर्मन व रशियन भाषांनींहि तें उचललें.

७ ऑगस्ट १९०५ रोजीं कलकत्त्याच्या टाउन हॉलमधील सभेनें विलायती मालाविरुद्ध हेंच शस्त्र हातीं घेतलें. टिळकांच्या चतुःसूत्रींत त्यास 'बहिष्कार' हें नांव मिळालें. परंतु हें नाणें नवें नव्हतें. जातपंचायतीनें एखाद्यास वाळींत टाकावें, त्याचें पाणी, विस्तव, रोटीबेटी बंद करावी, हा बहिष्कार आमच्या गांवांस पुरातन काळापासून ठाऊक होता. १९२४ सालीं डॉ. आंबेडकरांनीं संस्था काढली ती 'बहिष्कृत हितकारिणी सभा'. १९२७ सालीं पत्र काढलें तें 'बहिष्कृत भारत'. एकाच पिढींत एकच शब्द एका सभेंत शस्त्र होता आणि दुसऱ्या सभेंत जखम.

मुंबई सरकारनें नेमलेल्या समितीच्या १९३० च्या अहवालांत, आपला हक्क बजावूं पाहणाऱ्या अस्पृश्यांवर गांव कसा बहिष्कार घालतो हें नमूद आहे: कसावयाची जमीन काढून घ्यावयाची, मजुरी बंद करावयाची, दुकानदारानें जिन्नस द्यावयाचे नाहींत. डॉ. आंबेडकर या समितीचे सभासद होते. बॉयकॉटवर जें गुदरलें त्याच्याशीं ही यादी ताडून पाहावी. क्रिया जवळजवळ एकच. परंतु बॉयकॉटच्या पाठीशीं फौज होती, यांच्या पाठीशीं कोणी नव्हतें.

तेव्हां एक कूळ दुर्बळांचें व दुसरें बलिष्ठांचें असा निवाडा देऊन मोकळें व्हावें काय? तेंहि खरें नव्हे. पार्नेलचा मूळ रोख कारभाऱ्यावर नव्हता. बेदखल शेजाऱ्याची जमीन घेणाऱ्या माणसावर होता, आणि तोहि पुष्कळदां साधा शेतकरीच असे. शब्दाच्या जन्मींच ही धार दुहेरी होती. महाराष्ट्रानें २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा केला, त्यांत तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. आणि त्याच्या इंग्रजी नांवांत 'बॉयकॉट' हाच शब्द आहे. मेयोच्या कुळांचें शस्त्र आमच्या कायद्यांत गुन्हा म्हणून नोंदलें गेलें आहे.

कोशकारास दोन्ही अर्थ एका ओळींत देतां येतात. वापरणाऱ्यास मात्र दर वेळीं विचारावें लागतें: ज्याच्याशीं आपण व्यवहार तोडतों, त्याला दुसरी विहीर आहे काय? मागल्या बाकावरच्या त्या विद्यार्थ्यास आम्ही हेंच उत्तर द्यावयास हवें होतें.