बोरघाटातील अमेरिकन मोटारी : स्मरणरंजन आणि वस्तुस्थिती

खंडाळे व लोणावळे येथील जुन्या बंगल्यांविषयी वृद्ध मंडळी बोलू लागली म्हणजे त्या बोलण्यात मोटारीचा उल्लेख आल्यावाचून राहत नाही. ही मोटार बहुधा अमेरिकन असते. ती शेवरलेट असते, डॉज असते, क्वचित ब्यूक किंवा पॅकार्ड असते. तिची आसने दिवाणखान्यातील कोचासारखी मऊ असतात, तीत सात-आठ माणसे सहज मावतात आणि ती घाट ‘लोण्यासारखा’ चढते. या वर्णनातील शेवटचे विधान ऐतिहासिक दृष्ट्या तपासून घेण्यासारखे आहे. कारण ज्या रस्त्यावर ही मोटार चालली तो रस्ता, जिच्यात बसून ती चालविली जात होती ती यंत्ररचना आणि ज्या आर्थिक धोरणाने ती आली व गेली ते धोरण या तीनही गोष्टींची माहिती उपलब्ध आहे. आणि ती या वर्णनाशी सर्वस्वी जुळत नाही.

बोरघाटातील गाडीरस्ता सर जॉन माल्कम हा मुंबईचा गव्हर्नर असताना १८३० च्या नोव्हेंबरात वाहतुकीस खुला झाला. हा रस्ता बैलगाडी, डाक व तोफखाना यांच्यासाठी बांधलेला होता. १८६३ मध्ये लोहमार्ग घाट चढून वर आला आणि त्यानंतर जवळजवळ साठ वर्षे रस्त्याचे महत्त्व दुय्यमच राहिले. मोटारी आल्या तेव्हा त्यांच्या वाट्याला ही बैलांच्या गतीसाठी आखलेली वळणे आली. खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंत सुमारे पाचशे मीटरांचा चढ थोड्या अंतरात चढावा लागे, आणि पावसाळ्यात तर हा सगळा प्रदेश धुक्यात बुडालेला असे. ज्या धनगराने इंग्रज अभियंत्यांना घाटाची वाट दाखविली असे लोककथा सांगते, त्या शिंग्रोबाचे ठाणे या घाटातच आहे. तेथे नाणे टाकल्याशिवाय पुढे न जाण्याची चालकांची रीत केवळ श्रद्धेची नव्हे; घाट निर्विघ्न पार पडेल याची खात्री यंत्रावरून देता येत नव्हती, असाही तिचा एक अर्थ लावता येईल.

मुळात इंग्रजांच्या राज्यात अमेरिकन मोटारींचे एवढे प्रस्थ का माजावे, हा प्रश्न उपस्थित होतो. त्याचे उत्तर बऱ्याच अंशी ब्रिटनमधील करपद्धतीत सापडते. १९२१ पासून तेथे मोटारीवर दर अश्वशक्तीमागे एक पौंड असा वार्षिक कर बसू लागला, आणि ही अश्वशक्ती प्रत्यक्ष शक्ती मोजून नव्हे, तर सिलिंडरच्या व्यासावरून व संख्येवरून ठरविली जात असे. परिणामी इंग्रज कारखानदारांनी अरुंद सिलिंडरची, लहान एंजिने असलेली मोटार बनविली. ती इंग्लंडच्या डांबरी रस्त्यांवर ठीक होती. मावळातील खडी-मुरुमाच्या रस्त्यावर आणि घाटाच्या चढावर ती धापा टाकी. अमेरिकन मोटार याच्या उलट, म्हणजे एंजिन मोठे, चाके उंच, सांगाडा दणकट आणि किंमत मात्र मोठ्या उत्पादनामुळे बेताची. फोर्डच्या मोटारी साम्राज्यातील सवलतींचा लाभ घेत कॅनडातील कंपनीमार्फत येत. जनरल मोटर्सने तर १९२८ मध्ये मुंबईत शिवडी येथे जुळणीचा कारखानाच काढला. तेव्हा अमेरिकन मोटार ही येथे आरंभी ऐषारामाची नव्हे, तर सोयीची आणि तुलनेने स्वस्त वस्तू म्हणून आली, हे लक्षात ठेवणे अगत्याचे आहे. एस. टी.च्या स्थापनेपूर्वी, म्हणजे १९४८ पूर्वी, खेडोपाडी धावणाऱ्या खाजगी ‘सर्व्हिस मोटारी’ पुष्कळशा याच कंपन्यांच्या सांगाड्यांवर बांधलेल्या असत.

आता घाट ‘लोण्यासारखा’ चढण्याविषयी. एंजिन मोठे म्हणजे उष्णताही मोठी. लोणावळ्याची उंची सुमारे ६२० मीटर. या उंचीवर पाणी १०० ऐवजी ९८ अंशांच्या आसपास उकळते, आणि त्या काळच्या रेडिएटरांना दाब धरून ठेवणारी झाकणे नसत. ज्या क्षणी एंजिनाला थंडाव्याची सर्वाधिक गरज, त्याच क्षणी पाणी वाफ होऊन निघून जाई. फोर्डच्या १९३२ मधील आठ सिलिंडरच्या एंजिनाची ख्याती मोठी आहे, आणि ती रास्तही आहे. पण त्यात जळालेला वायू बाहेर नेणारे मार्ग सिलिंडरच्या पाण्याच्या कप्प्यांतूनच काढलेले होते, त्यामुळे ते एंजिन तापण्याबद्दलही तितकेच प्रसिद्ध होते. घाटात पाण्याचा डबा घेऊन धावणारा क्लीनर ही व्यक्ती स्मरणचित्रांत सहसा आढळत नाही. तो गाडीच्या मागे, चाकामागे ठेवायचा दगड हाती घेऊन उभा असे.

याहून चमत्कारिक गोष्ट काच पुसणाऱ्या यंत्राची होय. बहुतेक अमेरिकन मोटारींत ते विजेवर नव्हे, तर एंजिनात निर्माण होणाऱ्या निर्वातावर चाले. चढावर चालकाने पाय दाबून ठेवला की निर्वात घटे आणि काचेवरची पाती मंद होत होत थांबे. सपाटीवर गाडी संथ चालली असता ती उत्साहाने हलत. म्हणजे मावळातील पावसाळ्यात, वळणावर, चढावर, धुक्यात, जेथे पुढचे दिसणे सर्वांत आवश्यक, तेथेच पाती स्तब्ध होत. मग पाय क्षणभर सैल करायचा, काच पुसली जाऊ द्यायची, पुन्हा दाबायचा. १९२८ पर्यंतच्या शेवरलेटमध्ये पेट्रोल एंजिनापर्यंत खेचून आणण्याची व्यवस्थाही याच निर्वातावर अवलंबून असल्याने लांब चढावर एंजिनाची उपासमार होण्याचा संभव असे; पुढील वर्षी यांत्रिक पंप आला.

उताराची कथा वेगळी नाही. प्लायमाउथला १९२८ पासूनच तेलाच्या दाबाने चालणारे ब्रेक होते. शेवरलेटला ते १९३६ मध्ये आणि फोर्डला १९३९ मध्ये मिळाले. तोपर्यंत सळ्या व तारा यांनी ओढले जाणारे ब्रेक, चारही चाकांवर सारखे लागतील अशा बेताने पुन्हापुन्हा जुळवून घ्यावे लागत. त्यात कसूर झाली तर गाडी वळणावर एका अंगाला ओढ घेई. कसलेला चालक म्हणूनच ब्रेकवर विसंबत नसे. तो खालच्या गिअरमध्ये, एंजिनाच्या ओढीवर गाडी उतरवी. जनरल मोटर्सच्या मोटारींचे सांगाडे १९३० नंतरच्या काही वर्षांपर्यंत आतून लाकडी चौकटीचे असत आणि वर पत्रा ठोकलेला असे. लोणावळ्यास वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. चार महिने ओल्या गॅरेजात उभ्या राहिलेल्या अशा मोटारीची दारे दसऱ्याला नीट लागत नसत, यात नवल ते काय? बाहेरून रंग झळकत असताना आतले लाकूड कुजलेले असणे, हा जुनी मोटार विकत घेणाऱ्याचा आजही पहिला भ्रमनिरास असतो.

स्वातंत्र्यानंतर या मोटारीचे स्थान बदलले. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने क्रायस्लर कंपनीशी करार करून १९४७ पासून कुर्ला येथे डॉज, प्लायमाउथ व डी सोटो या मोटारींची जुळणी सुरू केली. (याच वालचंदांच्या बांधकाम व्यवसायाने पूर्वी बोरघाटातील लोहमार्गाचे बोगदे खोदले होते.) परंतु १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनच्या शिफारशीवरून सरकारने असे ठरविले की, ज्यांच्याजवळ देशातच सुटे भाग बनविण्याची योजना नाही अशा कंपन्यांनी नुसती जुळणी करू नये. पूर्ण तयार मोटारींची आयात त्याआधीच बंद झाली होती. जनरल मोटर्सने १९५४ मध्ये शिवडीचे काम थांबविले; फोर्डनेही गाशा गुंडाळला. प्रीमियर त्याच सुमारास इटलीच्या लहान फियाटकडे वळली. धोरण म्हणून या निर्णयाचे समर्थन करता येते, आणि प्रस्तुत संदर्भात तो चूक की बरोबर हा वादाचा विषयही नाही. त्याचा मालकांवर झालेला परिणाम मात्र निःसंदिग्ध आहे. रस्त्यावरच्या हजारो मोटारी एका अर्थी पोरक्या झाल्या.

आज ज्या काळाचे स्मरणरंजन केले जाते तो बव्हंशी हाच पोरकेपणाचा काळ आहे, ही गोष्ट पुरेशी ध्यानात घेतली जात नाही. मुंबई-पुणे मार्गावर भाड्याने धावणाऱ्या मोठ्या डॉज व प्लायमाउथ टॅक्सी या काळातल्या. पेट्रोलच्या एका गॅलनला पंधरा मैलांच्या आसपास चालणाऱ्या मोटारीला सुमारे एकशे वीस मैलांच्या या प्रवासात आठ गॅलन, म्हणजे छत्तीस लिटर पेट्रोल लागे. हा खर्च परवडण्यासाठी एक तर उतारूंची संख्या वाढवायची किंवा मूळ एंजिन काढून तेथे ट्रकसाठी बनलेले डिझेल एंजिन बसवायचे, हे दोनच मार्ग होते. दोन्हीही अनुसरले गेले. बाहेरून अमेरिकन, आतून भलतेच, अशी ही वाहने होती. सुटे भाग मुंबईच्या चोर बाजारात किंवा पुण्यास कुंभारवेशीजवळ बुधवारी व रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात शोधावे लागत. न मिळाले तर लेथवर घडवून घ्यावे लागत. शेवरलेटच्या जुन्या सहा सिलिंडरच्या एंजिनात बेअरिंगांसाठी धातू जागच्या जागी ओतून, घासून बसवावा लागे. हे काम जाणणारा कारागीर ज्याच्या ओळखीचा तोच खरा मोटारमालक, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

या इतिहासाचा एक पुरावा भाषेत आहे, आणि तो कागदोपत्री पुराव्याइतकाच बोलका आहे. मोटारी अमेरिकेहून आल्या. त्यांच्या अवयवांची नावे मात्र आली नाहीत. मराठी माणूस एंजिनावरील झाकणाला ‘बॉनेट’ म्हणतो, मागील कप्प्याला ‘डिकी’, चाकावरील पत्र्याला ‘मडगार्ड’, धूर सोडणाऱ्या नळीवरील डब्याला ‘सायलेन्सर’ आणि इंधनाला ‘पेट्रोल’. हे सारे ब्रिटिश शब्द आहेत. अमेरिकन लोक ज्याला ‘हूड’ म्हणतात ते हेच बॉनेट; मराठीत ‘हूड’ म्हणजे टांग्याचे किंवा उघड्या मोटारीचे दुमडते छत. ‘ष्टेपनी’ हा शब्द तर वेल्समधील लॅनेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून निघालेला. १९०४ च्या सुमारास तेथील एका कारखान्याने जादा चाक विकण्यास आरंभ केला, आणि ते नाव इंग्लंडात जवळजवळ विस्मृतीत गेल्यावरही मावळातल्या पंक्चरवाल्याच्या तोंडी टिकून राहिले. यावरून असे अनुमान निघते की, यंत्र जरी अमेरिकन असले तरी त्याचे ज्ञान कायदा, परवाना, लष्कर व इंग्रजी वर्कशॉपे यांच्या वाटेने पसरले. ‘जीप’ हा ठळक अपवाद. ते वाहन अमेरिकन नावानिशी आले, १९४७ पासून महिंद्रांनी त्याची येथे जुळणी केली आणि ते शेतावर, धरणावर, सरकारी कचेरीत राबले. मावळात सर्वाधिक काळ उपयोगी पडलेले अमेरिकन वाहन बहुधा हेच. त्याच्याविषयी कोणी हळवे होत नाही.

‘नॉस्टॅल्जिया’ हा शब्दही येथे विचारात घ्यावा लागतो. १६८८ मध्ये योहान्नेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने ग्रीक भाषेतील ‘घरी परतणे’ व ‘वेदना’ या अर्थांचे दोन शब्द जोडून तो एका रोगाचे नाव म्हणून बनविला. मराठीत त्याला ‘स्मरणरंजन’ हा प्रतिशब्द रूढ झाला. यात परतणे गेले, वेदनाही गेली, रंजन तेवढे राहिले. जुन्या मोटारीच्या आठवणींचे नेमके हेच झाले आहे. आठवण मागच्या आसनावर बसणाऱ्याची असते; तापलेल्या रेडिएटरचे झाकण फडक्याने धरून उघडताना पोळलेला हात चालकाचा असतो, आणि चालकांनी आठवणी फारशा लिहिल्या नाहीत.

ज्यांना ही मोटार आज प्रत्यक्ष बाळगावयाची आहे त्यांच्यासाठी केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती केली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून अधिक जुनी आणि मूळ स्वरूपात राखलेली दुचाकी व चारचाकी वाहने ‘व्हिंटेज’ ठरतात. त्यांना निराळ्या मालिकेतील क्रमांक मिळतो, नव्या नोंदणीस वीस हजार रुपये शुल्क पडते आणि नोंदणी दहा वर्षे चालते. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, मिरवणुकी, इंधन भरणे व दुरुस्ती याखेरीज ती रस्त्यावर आणता येत नाहीत. येथे एक विसंगती उद्‌भवते. मूळ स्वरूपाच्या या अटीत पन्नास-साठ वर्षे घाटात प्रत्यक्ष राबलेली, डिझेल एंजिन बसविलेली डॉज टॅक्सी बसत नाही. वर्षातून एकदा गॅरेजातून बाहेर निघालेली मोटार बसते. म्हणजे इतिहास ज्या वाहनाच्या अंगावर सर्वांत अधिक उमटला तेच वाहन वारसा म्हणून अपात्र ठरते. ज्या रस्त्यावर ती धावली त्याचेही तसेच. माल्कमच्या काळातील, लोक ज्याला अमृतांजन पूल म्हणत तो पूल एप्रिल २०२० मध्ये वाहतुकीच्या सोयीसाठी पाडण्यात आला.

मावळाच्या वाट्याला अमेरिकन मोटार पुन्हा एकदा आली. सप्टेंबर २००८ मध्ये जनरल मोटर्सने तळेगाव येथे वर्षाला एक लाख चाळीस हजार मोटारी काढण्याच्या क्षमतेचा कारखाना सुरू केला. नाव शेवरलेटच होते, फक्त जाहिरातींनी त्याचा शेवटचा ‘ट’ फ्रेंच पद्धतीने गिळून टाकला होता. ‘स्पार्क’ व ‘बीट’ या तेथील मोटारींची मूळ घडण मात्र कोरियातील. २०१७ च्या अखेरीस कंपनीने भारतातील विक्री बंद केली, डिसेंबर २०२० मध्ये तळेगावचे उत्पादन थांबले, आणि पुढील वर्षी चौदाशेहून अधिक कामगारांना कमी करण्यात आल्यावर तो वाद न्यायालयापर्यंत गेला. २०२३ मध्ये हा कारखाना घेण्याचा करार ह्युंदाईने केला. शेवरलेटच्या मालकांपुढे मात्र १९५४ नंतरचाच प्रश्न पुन्हा उभा राहिला. वडगाव-कामशेतच्या बाजूला ‘बीट’ मोटार आजही दृष्टीस पडते; तिचा एखादा भाग मोडला तर तो कोठे मिळेल, याची चौकशी तिचा मालक आधी गॅरेजवाल्याकडे आणि मग भंगारवाल्याकडे करतो.