ठेवीची राखण

वऱ्हाडच्या नैऋत्य कडेला, जिजाबाईंच्या सिंदखेडापासून जवळच, देऊळगाव राजा हें गांव आहे. जाधव घराण्याचा आश्रय लाभलेलें बालाजीचें देवस्थान हें त्याचें वैभव. आश्विनांत तेथें मोठी यात्रा भरते. भोंवतालची काळी जमीन कापसाची. कापसाचा पैसा हंगामांत एकदांच हातीं येतो आणि तो वर्षभर पुरवावा लागतो. नोकरदाराच्या घरीं हेंच आयुष्यांत एकदां घडतें: निवृत्तीच्या दिवशीं साऱ्या श्रमांचें फळ एकरकमी पदरांत पडतें. म्हणून उतारवयांत पैसा मिळविण्यापेक्षां तो राखण्याचा प्रश्न अधिक बिकट असतो. त्याचें उत्तर शोधूं गेल्यास कापसाचाच इतिहास प्रथम पुढें येतो.

१८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें. लँकेशायरच्या गिरण्यांना तेथील कापूस मिळेनासा झाला आणि मुंबईच्या बाजारांत हिंदी कापसाचे भाव कित्येक पटींनीं चढले. आलेल्या पैशाला वाट हवी होती. नव्या मंडळ्या निघाल्या, समुद्र हटवून जमीन काढण्याच्या योजना निघाल्या, आणि बॅक बे कंपनीचा ५,००० रुपयांचा भाग ५०,००० रुपयांच्या घरांत जाऊन पोहोंचला. बँक ऑफ बॉम्बेच्या जुन्या नियमांनीं अशा भागांच्या तारणावर कर्ज देण्यास आडकाठी होती. १८६३ च्या कायद्यानें ती दूर झाली. मग प्रेमचंद रायचंद यांना आणि त्यांच्या शब्दावर इतरांनाहि बँकेचा पैसा सैल हातानें मिळूं लागला. १८६५ च्या एप्रिलांत युद्धाचा शेवट आला. १ जुलै रोजीं वायद्यांचे हिशेब चुकते करण्याची वेळ आली, तेव्हां कागदावरची श्रीमंती कागदावरच राहिली. भांडवलाचा बहुतेक भाग गमावून ती बँक १८६८ सालीं मोडीत निघाली. भाग घेणाऱ्यांपैकीं पुष्कळांनीं कंपनीचा धंदा पाहिला नव्हता. शेजाऱ्याचा नफा मात्र पाहिला होता.

वऱ्हाडाला याहून जवळचा धडा १९६० सालीं मिळाला. त्या वर्षीं केरळांतील पलाई सेंट्रल बँक आणि अकोल्याची लक्ष्मी बँक या दोन्ही बुडाल्या. येथें नुकसान सोसणारा मनुष्य सट्टेवाला नव्हता. त्यानें जास्तीचा लोभ धरला नव्हता. केवळ पैसा सुरक्षित राहावा म्हणून तो बँकेंत ठेवला होता. या आघातांतून ठेवींच्या विम्याचा कायदा झाला आणि १ जानेवारी १९६२ पासून प्रत्येक ठेवीदाराच्या १,५०० रुपयांपर्यंतच्या ठेवीस संरक्षण मिळालें. ही मर्यादा १९९३ सालीं १ लाख आणि २०२० सालीं ५ लाख रुपये झाली. एका बँकेंतील एका ठेवीदाराचें मुद्दल व व्याज मिळून ही मर्यादा धरली जाते. तथापि एक भेद ध्यानांत ठेवणें अवश्य आहे. सहकारी बँकेंतील ठेवीस हा विमा लागू आहे. पतसंस्थेंतील ठेवीस तो लागू नाहीं. पाटी सारखी दिसली तरी आंतलें संरक्षण सारखें नसतें.

कायदे पुढेंहि झाले. पैशांच्या साखळी योजनांवर १९७८ सालीं बंदी आली. महाराष्ट्रानें १९९९ सालीं ठेवीदारांच्या हितरक्षणाचा कायदा करून बुडविणाऱ्याची मालमत्ता जप्त करण्याची सोय केली. परंतु जप्ती, लिलाव आणि वांटणी यांस वर्षें लागतात, आणि सत्तरीच्या मनुष्यापाशीं वर्षेंच थोडीं असतात. तरुणाचें नुकसान पुढील कमाईनें भरून निघतें; वृद्धाचें औषध आणि अन्न त्याच रकमेंतून यावयाचें असतें.

ठक हें जाणून असतो. तो बहुधा ओळखीच्या मनुष्याच्या तोंडून बोलतो, बँकेच्या व्याजापेक्षां दुप्पट लाभाचें आश्वासन देतो, "आजच निर्णय करा" म्हणतो आणि घरांत कोणास सांगूं नका असें सुचवितो. अलीकडे तो दूरध्वनीवरून अधिकाऱ्याच्या आवाजांत धाकहि घालतो. घाई, गुप्तता आणि धाक यांपैकीं एकहि दिसल्यास हात आंखडावा. संस्थेचा परवाना कोणाचा, ठेवीला विमा आहे काय, आणि लाभ कोणत्या धंद्यांतून येणार, हे तीन प्रश्न विचारण्यांत कसलाहि अविश्वास नाहीं. फसगत झालीच तर लाजेनें गप्प बसूं नये. ताबडतोब १९३० या क्रमांकावर वा पोलिसांकडे तक्रार करावी. आणि घरांतील तरुणांनीं वडीलधाऱ्यांस बोल लावण्यापूर्वीं त्यांच्याजवळ बसून कागद वाचावेत. ज्या घरांत पैशाची गोष्ट मोकळेपणीं निघते, तेथें ठकाचा पाय सहसा शिरत नाहीं.