रितं पेव

आमच्या वऱ्हाडातल्या जुन्या घराच्या मागल्या अंगणात एक पेव होतं. मी लहानपणी त्यात डोकावलो की आजी ओरडायची, “बाबू, उतरू नको आत! आधी कंदील सोड. इझला त समज हवा खराब हाय.” आत काहीच नव्हतं. पण आजीचा सासरा तिला सांगायचा, की एकेकाळी त्यात दोन वर्षं पुरंल एवढी ज्वारी राहायची.

हे पेव रितं कसं झालं, ते शोधता शोधता मी पार अमेरिकेपर्यंत पोचलो.

1853 मध्ये निजामानं, थकलेल्या फौजखर्चापोटी, वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं. कापूस इथं आधीही पिकायचा. बंजाऱ्यांचे तांडे तो बैलांच्या पाठीवर लादून थेट गंगाकाठी मिर्झापूरला न्यायचे. मग 1861 मध्ये अमेरिकेत यादवी पेटली. तिथल्या दक्षिणेकडच्या बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला. तो मुंबईहून जाऊ लागला, भाव चढला, आणि आमच्या काळ्या मातीत ज्वारीच्या जागी पऱ्हाटी आली.

1865 मध्ये लढाई संपली, भाव पडला. पण गाडी मागं फिरली नाही. 1867 मध्ये रेल्वे नागपूरला पोचली, 1870 मध्ये खामगावला फाटा आला. ठिकठिकाणी जिन आणि प्रेस उभे राहिले. बंजाऱ्यांच्या बैलांचं काम आगगाडीनं घेतलं. ज्या बाया घरी हातानं सरकी काढायच्या, त्या जिनात रोजानं जाऊ लागल्या. गाठी विलायतेला गेल्या, त्याचं कापड होऊन परत आलं आणि स्वस्तात विकलं गेलं. कोष्ट्याचा माग त्याच्यापुढं टिकायचा कसा?

सगळं वाईटच झालं, असं म्हणणं खोटं होईल. जिनात रोख पैसा मिळाल्यावर मजुराला पाटलाच्या पायलीभर दाण्यासाठी दिवसभर हात जोडून उभं राहावं लागलं नाही. ज्याला गावात विहिरीवर चढू देत नव्हते, त्याच्या हातातही रुपया आला. हा मोकळेपणा मोठा होता. आजी मात्र त्यातली दुसरी बाजू सांगायची.

“पैसा आला बाबू, पन पेव रितं झालं. कापूस खाता येते का?”

सरकारचा सारा रोखीत भरायचा, सावकाराचं व्याज रोखीत, मग दाणाही रोखीतच घ्यावा लागला. 1899 मध्ये पाऊस गेला. रेल्वेनं धान्य आणता येत होतं, पण ते विकत घ्यायला पैसा नव्हता. आजीच्या सासरची माणसं सरकारी कामावर खडी फोडायला गेली. पेवाच्या तळाशी त्या वर्षी कुणी कंदील सोडला नाही, कारण पाहायचं काय होतं?

आता त्या पेवावर फरशी आहे. माझा पुतण्या तिच्यावर उभा राहून मोबाईलवर कापसाचा भाव बघतो. घरातली ज्वारी दुकानातून येते. भाव पडला, की तो माझ्याकडं बघतो. मला आजीचा प्रश्न आठवतो, पण त्याला सांगावं असं उत्तर सुचत नाही.